क्षीरसागरकाकांच्या बारा कुंड्या

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि मी आजवर जे काही लिहिलं ते प्रॅक्टिकलच्या वहीत: हेतू, साहित्य, कृती, निष्कर्ष. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर निष्कर्ष कुठे टाकायचा, हेही मला नीट कळत नाही. पण प्रबंधात आभाराला एकच पान मिळतं. त्यात मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथपाल आणि आईवडील बसवता बसवता क्षीरसागरकाकांच्या वाट्याला एक ओळ आली. 'प्रयोगशाळा सहायक श्री. क्षीरसागर यांचे सहकार्य लाभले.' ती ओळ टाईप करून झाली तेव्हापासून मला काही तरी चोरल्यासारखं वाटतं आहे. म्हणून हा खटाटोप. मोठ्या मनाने वाचा.

क्षीरसागरकाका झाडांच्या दारावर टकटक करायचे.

आमच्या कृषी महाविद्यालयाच्या मागे हिरव्या जाळीचं एक शेडनेट आहे. त्याला लोखंडी दार आहे. काका तिथे पोचले की आधी चपला झटकत, मग बोटाच्या पेराने दारावर दोनदा वाजवत आणि विचारत, "येऊ का?" विचारून दोन श्वास थांबत. आत हरभरा असल्यामुळे उत्तर येत नसे. मग "हं" असं स्वतःच म्हणून कडी काढत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हसलो. काकांनी मान वळवून विचारलं, "शेळके, तुझ्या हॉस्टेलच्या खोलीत मी न विचारता आलो तर चालेल?"

आमच्या खोलीची तेव्हाची अवस्था आठवून मीही चपला झटकल्या.

काका अंगाने हरभऱ्याच्या काडीसारखे. मूळचे पारनेरचे, राहायला केडगावला. वडील गावातल्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे काकांचं अक्षर छापल्यासारखं. शर्टाच्या खिशात दोन पेनं, निळं आणि लाल. निळं नोंदीसाठी. लाल हे चुकलेली नोंद दुरुस्त करण्यासाठी, आणि ते पाच वर्षांत एकदाच भरावं लागलं, असं ते अभिमानाने सांगत. त्यांचा आवडता प्रश्न एकच, "नोंद केलीस?" पाणी घातलं, नोंद केलीस? दिवे गेले, नोंद केलीस? एकदा मला ताप आला म्हणून मी दोन दिवस आलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "किती होता?" मी म्हटलं, "बघितला नाही." काकांचा चेहरा असा पडला, जणू ताप त्यांनाच आला होता.

बुरशीला ते बुरशी म्हणत नसत. 'पाहुणे' म्हणत. हरभऱ्याचं उभं झाड माना टाकून वाळवणारी, शेतकरी जिला मर म्हणतात त्या रोगाची बुरशी काकांनी कित्येक वर्षं काचेच्या नळ्यांमध्ये जिवंत ठेवली होती. तिला खायला बटाटा उकडून त्याच्या पाण्यात साखर घालून जेली करावी लागते. "यांची बारा महिने एकादशी," काका नळ्या उजेडात धरून सांगत, "बटाटा आणि साखर. दुसरं काही चालत नाही. आणि पुण्य मात्र काडीचं नाही लेकांच्या खात्यात."

माझा विषय या पाहुण्यांशीच जोडलेला होता. बुरशी मुळातून आत शिरली की झाड स्वस्थ बसत नाही. त्याला पळून जाता येत नाही, म्हणून ते आतल्या आत काही एन्झाइम वाढवतं. पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात, काका 'राखणदार' म्हणत. हे राखणदार पेशींच्या भिंती जाड करतात, बुरशीला न मानवणारी रसायनं तयार करतात. कोणत्या वाणात राखणदार किती लवकर जागे होतात, ते मला मोजायचं होतं.

हे मला मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, फळ्यावर तासभर समजावलं. मी माना डोलावल्या. कळलं ते काकांच्या जेवणाच्या डब्यापाशी. त्यांनी पिशवीतून एक वांगं काढलं, मधोमध चिरलं, अर्धं बर्फात खुपसलं आणि अर्धं टेबलावर ठेवलं.

"बघत बस."

थोड्या वेळाने टेबलावरचं वांगं काळं पडलं. बर्फातलं तसंच पांढरं.

"आई काय म्हणते तुझी, वांगं चिरलं की काळं का पडतं?"

"पाण्यात टाकलं न्हाई तर पडतं, असं म्हणते."

"काळं पडतंय म्हणजे ते दार लावतंय, शेळके. सुरी लागली, घरात कुणी तरी शिरलं, म्हणून राखणदार धावले. आणि बर्फात राखणदारांना थंडी वाजते, ते पांघरूण सोडत नाहीत. म्हणून आपलं सगळं काम बर्फावर. बर्फ नाही तर शेळके नाही."

हे शेवटचं वाक्य ते मला इतक्यांदा ऐकवत, की हॉस्टेलवर माझं नावच 'बर्फवाला' पडलं.

मोजायची रीत साधी आहे. पान बर्फावर ठेवलेल्या खलात कुटायचं, रस काढायचा, त्यात ठरलेली औषधं घालायची. राखणदार जितके जास्त, तितका तांबूस रंग भराभर चढतो. यंत्र रंग वाचतं. काका शेजारी स्टॉपवॉच धरून उभे राहत आणि दर अर्ध्या मिनिटाला "बोल" म्हणत. त्या वेळी शिंक आली तरी गिळायची.

तुलनेसाठी काही झाडं अशी ठेवावी लागतात, की ज्यांना बुरशी द्यायचीच नाही. नुसतं पाणी. त्यांना कंट्रोल म्हणतात. आमच्या कंट्रोलच्या बारा कुंड्या दाराजवळच्या रांगेत होत्या. काकांनी त्या रांगेला 'सुखवस्तू' असं नाव दिलं होतं. बाकीच्या रांगांना पुढे आजारी पडायचं होतं, तेव्हा त्यांच्याशी ते जरा हळू आवाजात बोलत.

आणि गोंधळ नेमका या सुखवस्तूंनीच केला.

पहिल्या खेपेला आकडे आले ते उलटे. बुरशी दिलेली झाडं आणि काहीच न दिलेली झाडं, दोघांचा रंग जवळजवळ सारखा. ज्यांच्या घरात चोर शिरलाच नाही, त्यांचेही राखणदार काठ्या आपटत फिरत होते. मॅडमनी आकडे वाचले. मग म्हणाल्या, "शेळके, कुंड्यांवरचे नंबर तूच लिहिलेस ना?"

मी लिहिले होते. दोनदा तपासले होते. पण मॅडमनी तसं विचारल्यावर मला माझ्याच हाताचा भरवसा वाटेना.

दुसरी खेप पेरली. हरभरा थंडीचं पीक, त्यामुळे तिसरी खेप पुढच्या हंगामात, म्हणजे पुढच्या वर्षी. मला पुढचं वर्ष नव्हतं. घरी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, "उन्हाळ्यापर्यंत काय त्ये शिकून घे. मे म्हैन्यात कागुद हातात आला तर पुढं बोलू. न्हाई तर बास झालं आता, रानात ये." दादा रागावून बोलले असते तर मी वाद घातला असता. ते शांतपणे, बैलाला पाणी दाखवता दाखवता बोलले.

दुसऱ्या खेपेत मॅडमनी एक युक्ती केली. बुरशी द्यायच्या आठ दिवस आधीच सगळ्या रांगांची पानं मोजायला सांगितली. अजून कुणालाच काही दिलेलं नाही, तेव्हा सगळे सारखेच यायला हवेत. मी कुटलं, काकांनी "बोल, बोल" केलं, आणि बाकी सगळ्या रांगा गुण्यागोविंदाने सारख्या आल्या. सुखवस्तू तेवढे वर.

"आठ दिवस आहेत," मॅडम म्हणाल्या. "आठव्या दिवशी पुन्हा मोज. सगळे एका रांगेत आले तर बुरशी देऊ. नाही आले तर हे वर्ष गेलं असं समज. मी खोट्या पायावर प्रबंध उभा करू देणार नाही."

 माझ्यापेक्षा काका जास्त हादरले. त्यांच्या शेडनेटमध्ये, त्यांच्या नाकाखाली, कुणी तरी त्यांच्या सुखवस्तूंना छळत होतं. त्यांनी तपास हाती घेतला. आधी संशय खारीवर. मग पाण्यावर, म्हणून ते पाणी घरून कळशीत आणू लागले. मग मोबाईलवर, म्हणून दारावर पाटी लागली: 'आत मोबाईलवर बोलू नये. झाडे ऐकतात.' मग पहिल्या वर्षाच्या मुलांवर, कारण पहिल्या वर्षाची मुलं काहीही करू शकतात. शेवटी त्यांनी दाराला नवं कुलूप लावलं, किल्ली जानव्याला अडकवली आणि मला म्हणाले, "आता बघू कोण शिरतं ते. माझ्याशिवाय आत मुंगी जाणार नाही."

मुदतीच्या तिसऱ्या दिवशी मी चोरून एक कुंडी मोजली. कंट्रोल अजून वर.

त्या दिवशी दुपारी मी शेडनेटमध्ये एकटाच उकिडवा बसलो होतो. काकांनी किल्ली दिली होती, पण परत देताना वेळ सांगायची या अटीवर. काय करावं सुचत नव्हतं. घरी रानात गेलो की हात आपोआप हरभऱ्याचा शेंडा खुडतो आणि तोंडात टाकतो. तसाच इथे खुडला. प्रयोगाचं पान खायचं नसतं हे मला कळतं, पण हाताला कळलं नाही. हरभऱ्याच्या पानावर बारीक लव असते आणि तिच्यातून आंबट पाणी पाझरतं. आमच्याकडे त्याला आंब म्हणतात. जीभ कशी झिणझिणते, दात आंबतात. मी आजारी पडणाऱ्या रांगेतलं पान खाल्लं होतं. चांगलं आंबट होतं.

मग दाराजवळच्या सुखवस्तूंमधलं एक चाखलं. अळणी.

दुसऱ्या कुंडीतलं. अळणी. बाराही कुंड्या चाखल्या. नुसता पाला.

मी तसाच बसून राहिलो. पावसाविना पानावरची आंब एकाच रीतीने जाते, आणि ती रीत मी लहानपणापासून बघत आलो आहे. थंडीत पहाटे आई मलमलचं ओलं फडकं हरभऱ्यावर पसरते, हलक्या हाताने फिरवते, आंब फडक्यात उतरली की पिळून बाटलीत भरते. पोटदुखीला, अपचनाला, तोंडाची चव गेली तर, गावात कुणीही मागायला येतं. आमच्या रानात त्याने काही बिघडत नाही. पण कुंडीतल्या कोवळ्या रोपाला रोज पहाटे फडक्याने घासलं, त्याच्या अंगावरचं आंबट पाणी पुसून नेलं, तर त्याला काय वाटेल? कुणी तरी आलंय, असंच वाटेल. ते राखणदार उठवेल.

आणि किल्ली एकाच माणसाच्या जानव्याला होती.

त्या रात्री मी झोपलो, पण झोप लागली असं म्हणता येणार नाही. मी चुकत असलो, तर देवमाणसावर आळ घेत होतो. बरोबर असलो, तर ते त्याहून वाईट होतं. उजाडायच्या आधी उठून शेडनेटच्या मागच्या बाजूला खताच्या पोत्यांआड बसलो. केडगावहून येणारी पहिली एसटी फाट्यावर थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने चपला झटकल्या. टकटक.

"येऊ का?"

दोन श्वास.

"हं."

जाळीतून मला सगळं दिसत होतं. काकांनी पिशवीतून पांढरं फडकं काढलं, कळशीतल्या पाण्यात भिजवलं, पिळलं, आणि पहिल्या कुंडीवर इतकं अलगद टाकलं, जशी झोपलेल्या मुलावर दुलई घालावी. "जरा थांब हं, झालंच," असं ते रोपाला सांगत होते. बारा कुंड्या झाल्यावर फडकं एका छोट्या बाटलीवर धरून पिळलं. दहा-बारा थेंब पडले असतील. ती बाटली मी ओळखली. आमच्या बर्फाच्या पेटीत कोपऱ्यात रोज असायची, वर 'क्षी.' लिहिलेलं. मला ते काही तरी रसायन वाटायचं.

"काका."

ते एवढे दचकले, की बाटलीचं झाकण खाली पडलं. मला पाहून आधी हसले. "अरे, तू होय. मला वाटलं चोर सापडला."

 मी नुसतं फडक्याकडे बघत राहिलो. काकांनी माझ्या नजरेमागून फडक्याकडे पाहिलं.

"हे? हे स्वच्छ आहे रे. रोज ऑटोक्लेव्हमध्ये वाफवून निर्जंतुक करतो. हातसुद्धा लावत नाही पानाला."

"काका, हाताचं काय घेऊन बसलात! वांगं."

"काय वांगं?"

"तुम्हीच दाखवलं होतं. सुरी लागली की दार लावतं. फडकं लागलं तरी लावत असेल ना?"

काकांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. ज्या माणसाने मला सगळं शिकवलं, त्याला मी त्याचंच शिकवलेलं परत सांगत होतो. ते कळशीशेजारी खाली बसले. बराच वेळ बाटली हातात फिरवत राहिले.

"दिवाळीपासून ती काही खात नाही," ते म्हणाले. काकूंना बरं नाही एवढं मला माहीत होतं. किती बरं नाही ते माहीत नव्हतं. "काही पुढे केलं की तोंड फिरवते. मी सगळं करून पाहिलं. शिरा, सार, पेज. एक दिवस म्हणाली, आमच्या माहेरी आंब असायची. ती शेतकऱ्याची मुलगी. आमच्या घरच्यांनी लग्नानंतर वर्षभर तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, तेव्हाही तिने माहेरून एकच गोष्ट मागवली होती, आंबेची बाटली. मी इथून नेऊन जिभेवर दोन थेंब ठेवले. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, अजून. कित्येक दिवसांत पहिल्यांदा अजून म्हणाली, शेळके. त्यावर दोन घास भात गेला."

"बाहेरच्या रानातून आणायची ना काका."

"रानात सगळीकडे फवारे. कुणी काय मारलंय कसं कळणार? यांची मला खात्री. यांना मी पाण्याशिवाय काही दिलेलं नाही."

"मग सगळ्या रांगांची घेतली असती तरी..." मी बोलून गेलो. खरंच, सगळ्याच रांगांची घेतली असती तर सगळे आकडे सारखे वर गेले असते, आणि आम्हाला कधीच कळलं नसतं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी अभद्र बोललो होतो. "बाकीच्यांना आजारी पडायचंय रे पुढे. त्यांच्या तोंडचं कसं काढून घेऊ?"

मी म्हटलं, हे आपल्या दोघांतच ठेवू. चार दिवस आहेत, फडकं बंद केलं तर आकडे खाली येतील, मॅडमना काही सांगायची गरज नाही. मी हे मनापासून म्हटलं, आणि थोडं स्वतःसाठीही. काकांची नोकरी काही महिन्यांचीच उरली होती. शेवटाला ठपका कशाला?

"नोंद केलीस?" काकांनी विचारलं.

"काका, जाऊ द्या ना."

त्यांनी शेडनेटची वही उघडली. लाल पेन काढलं. ते छापील अक्षर मला उलटीकडूनही वाचता आलं. 'कंट्रोल, कुंडी क्र. १ ते १२. रोज पहाटे ओले कापड फिरविले. दोन्ही खेपांना. कारण घरगुती. चूक माझी. क्षीरसागर.' आणि मॅडम यायच्या आधीच ती वही त्यांच्या टेबलावर नेऊन उघडी ठेवली.

मॅडमनी वाचलं. आम्ही दोघं समोर उभे. त्यांनी पुन्हा वाचलं.

"कापड ऑटोक्लेव्ह केलं होतं?"

"हो."

"हं. ते तरी." मग त्यांनी हात पुढे केला. "किल्ली."

जानव्याची गाठ काकांना लवकर सुटेना. मॅडम थांबल्या. किल्ली हातात आल्यावर त्यांनी ती मला दिली. "बुरशी देईपर्यंत आणि त्यानंतरही, आत फक्त हा जाईल." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

त्याच संध्याकाळी मी आईला फोन केला. सगळं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की काकांच्या घरी आजारी माणूस आहे, आंब हवी आहे.

"आगं बाई, मंग इतके दिस का न्हाई सांगितलं?" आई म्हणाली. "आपल्या वरच्या तुकड्यात कसलाबी फवारा न्हाई. पोपटचा दुधाचा टेम्पो रोज केडगावावरनंच जातो. देते त्याच्याकडं. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या हायत धुवून ठेवल्याल्या."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी केडगावच्या थांब्यावर पोपटभाऊंचा टेम्पो थांबू लागला आणि काका बाटली घरी ठेवून कॉलेजला येऊ लागले. मला म्हणाले, "तुझ्या आईची आंब जहाल आहे. काल तिने तीनदा मागितली. बाटली परत पाठवतो म्हणावं रोजची रोज."

शेडनेटकडे यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. मी आत पाणी घालत असलो की बाहेरून टकटक ऐकू येई. "येत नाही रे. नुसता विचारायला आलो." आणि थोड्या वेळाने, हळूच, "झोप लागते का त्यांना आता?"

आठव्या दिवशी मी पानं कुटायला बसलो. काका स्टॉपवॉच घेऊन उभे. "बोल." पहिली रांग. "बोल." दुसरी. सुखवस्तूंची वेळ आली तेव्हा काका "बोल" म्हणालेच नाहीत, मलाच विचारावं लागलं, "झालं का अर्धं मिनिट?" रंग हळूहळू चढला, शेजाऱ्यांइतकाच. मॅडमनी आकडे तीनदा पाहिले. "द्या बुरशी," एवढंच म्हणाल्या. काका बाहेर गेले आणि नाक शिंकरून आले.

पुढे दहा-बारा दिवस ठरलेल्या वेळी पानं तोडायची, मोजायची, असं चाललं. याच काळात काकांनी मधले दोन दिवस रजा घेतली. घरी थोडं काम आहे म्हणाले. परत आले ते माकडटोपी घालून. थंडी कडाक्याची होती, तरी प्रयोगशाळेत, यंत्रासमोर, माकडटोपी! मी म्हटलं, "काका, तुम्हीच पाहुण्यांसारखे दिसताय." ते हसले. नळ्यांमधली बुरशी नव्या जेलीवर घ्यायचा दिवस होता. ते काम त्यांनी कित्येक वर्षांत कुणाला करू दिलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "यंदा तू कर. माझ्या हाताला भाजलंय." मी हात बघितला नाही. मला त्या कामाचा एवढा आनंद झाला होता. काका टेबलापासून चार हात लांब उभे राहून सूचना देत होते. स्टॉपवॉचही त्यांनी टेबलावर ठेवायला लावलं आणि लांबूनच बघून "बोल" म्हणत राहिले.

आई मात्र फोनवर कुरकुरू लागली. "तुझ्या काकांना सांग, बाटल्या धाडा म्हनावं. आधी रोज येत हुत्या, आता येतच न्हाईत. खोकल्याच्या संपल्या, तेलाच्या धुतल्या, आता काय माझ्या बांगड्यात भरू का आंब?" मी काकांना सांगितलं. "साठवतो आहे," ते म्हणाले. "एकदम पाठवीन."

आकडे छान आले. बुरशी दिलेल्या झाडांचा रंग भराभर चढत गेला, सुखवस्तू आपले शांत बसून राहिले. हरभऱ्याला घाटे धरले तसा आंबेचा मोसमही संपला. मी गावी जाऊन प्रबंध लिहिला. मॅडमनी पहिल्या खेपेचे बिघडलेले आकडेही फेकून देऊ दिले नाहीत. पुरवणीत वेगळा तक्ता करायला लावला, 'ओल्या कापडाचा स्पर्श' असं नाव देऊन. त्या म्हणाल्या, झाडाने आपलं काम चोख केलं होतं, मग त्याची नोंद का नको?

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका त्याच तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कुणाला सुचलं?" मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी सांगितलं, "आमच्या क्षीरसागरकाकांना."

काका त्या दिवशी आले नव्हते. मी कॉरिडॉरमधूनच फोन लावला. पास झालो म्हणालो.  पलीकडून लगेच, "नोंद केलीस?" मी हसलो. काकू कशा आहेत, असं विचारेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं. पुढचं बोलू," आणि दोन मिनिटांनी त्यांनीच पुन्हा फोन करून विचारलं, "कागुद कवा मिळतो?"

दोन दिवसांनी आईचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"आरं, पोपटनं खोकं आणलंय. तुझ्या काकांनी बाटल्या धाडल्या."

"मग झालं की. किती दिवस मागत होतीस."

"एकोणीस हायत. पर बाळा, सगळ्या भरल्याल्याच हायत रं. एकबी उघडली न्हाई. माझी आंब त्यास्नी गोड लागली न्हाई का?"

मी म्हटलं, असं कसं होईल. त्या तर अजून मागायच्या.

"पोपट घरात गेल्ता खोकं आणाया," आई म्हणाली. "त्यो म्हनला, भिताडावर बाईंचा फोटू हाय. हार घातल्याला. शेजारनीनं सांगितलं त्याला, पौषातच गेल्या म्हनं." तिने एक बाटली उचलल्याचा आवाज आला. "हरेक बाटलीवर चिठ्ठी डकवलीया. तारीख हाय. पयल्या बाटलीवर तांबड्या पेनानं आजून काय तरी लिव्हलंय. अक्षर लई चांगलं हाय, थांब, वाचते."

आई चौथीपर्यंत शिकली आहे. ती एकेका शब्दावर बोट ठेवून वाचते.

"आज... घेणारी... नाही. शेळकेला... परीक्षा होईपर्यंत... कळवू नये."